उद्योजकतेचें संशोधन आणि वैशाखांतील शाळा

पाडवा झाला कीं पालमच्या बाजूच्या गांवांत सालाचा हिशेब बसतो. सालगड्याचें वर्ष पाडव्याला संपतें आणि नवें साल त्याच दिवशीं धरलें जातें. बटईचे व ठोक्याचे बोल याच दिवसांत होतात. तूर-हरभरा आडतीवर जाऊन त्याची पट्टी हातीं आलेली असते, आणि दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस गेलेलीं कुटुंबें भांड्याकुंड्यांसह घरीं परतलेलीं असतात. ओढे-नाले आटलेले, गोदावरीच्या पात्रांत डिग्रसच्या बंधाऱ्यानें अडविलें असेल तेवढेंच पाणी. मृगाचा पाऊस पडेपर्यंतचे हे दीड-दोन महिने म्हणजे लग्नें, नांगरट, घरशाकारणी आणि बोलणीं यांचे. ज्याला शेतकऱ्याकडून कांहीं जाणून घ्यावयाचें आहे त्यानें याच दिवसांत यावें. एरवीं त्याला सवड नसते, आणि सवड असली तरी हिशेब पुरा झालेला नसतो.

नेमके हेच दिवस विद्यापीठांच्या सुटीचे असतात. पाश्चात्य देशांत या सुटीचा उपयोग करून पीएच. डी. च्या विद्यार्थ्यांसाठीं आठ-पंधरा दिवसांच्या कसून शिकविणाऱ्या शाळा भरविण्याची पद्धति आहे. उद्योजकता म्हणजे नवा धंदा कोण काढतो, कसा काढतो, कां बुडतो व कां तरतो, या विषयाच्या संशोधकांसाठींहि अशा शाळा निघाल्या आहेत. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथें तेथील राष्ट्रीय अर्थशोधन संस्थेनें या शतकाच्या पहिल्या दशकांत अशी एक उन्हाळी शाळा सुरू केली. तींत देशोदेशींचे निवडक विद्यार्थी घेऊन त्यांना थोड्या दिवसांत या विषयांतील मुख्य ग्रंथ, प्रश्न व आंकडे तपासण्याच्या रीति यांची ओळख करून दिली जाई. आपल्याकडे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद पीएच. डी. च्या विद्यार्थ्यांसाठीं दहा दिवसांचे संशोधनपद्धतीचे वर्ग पुरस्कृत करिते, आणि भारतीय कृषि अनुसंधान परिषदेनें शेतकीच्या अध्यापकांसाठीं व शास्त्रज्ञांसाठीं एकवीस दिवसांच्या उन्हाळी व हिवाळी शाळांची परंपरा चालविली आहे. म्हणजे सांचा आपल्या घरीं आहे. त्यांत कोणतें धान्य भरावयाचें, एवढाच प्रश्न आहे.

शेतकऱ्यांच्या मासिकांत हा विषय कशाला, असें कांहीं वाचक विचारतील. त्याचें उत्तर असें कीं, आज जो तरुण आपल्या ओसरीवर येऊन कागद भरून नेतो त्याच्या निबंधाचे निष्कर्ष पुढें कोणाच्या तरी अहवालांत जातात, अहवालांतून योजनेंत जातात, आणि योजनेंतून आपल्या कर्जाच्या अर्जावर येऊन बसतात. त्यानें चुकीचें विचारलें तर त्याचें फळ त्याच्या पदवीला लागत नाहीं, तें आपल्या अंगणांत पडतें.

कांहीं वर्षांपूर्वीं असाच एक विद्यार्थी आमच्या गांवीं आला होता. मुलगा हुशार, स्वतः कुणब्याच्या घरचा. पण आला तो ऐन वेचणींत. त्याच्याजवळच्या छापील पत्रकांत एक वाक्य होतें, “जोखीम पत्करणें मला आवडतें,” आणि त्यापुढें पूर्ण सहमतपासून पूर्ण असहमतपर्यंत पांच घरें होतीं. आमच्या शेजारच्या वृद्ध गृहस्थांनीं तें ऐकून म्हटलें, “आवडीनं पेरतो का रे बाबा? मिरग निघाला की पेरावंच लागतं.” विद्यार्थ्यानें क्षणभर विचार केला आणि ‘तटस्थ’ या घरांत खूण केली.

या गृहस्थांनीं त्याच्या दोनच वर्षें आधीं ठोक्यानें जमीन घेऊन हळद लावली होती. बेणें उधार आणलें, बोअर घेतला, हळद शिजविण्याकरितां दुसऱ्या गांवाहून कढई भाड्यानें आणली, आणि जेव्हां माल तयार झाला तेव्हां भाव बसला. त्यांत त्यांची एक एकर जमीन गहाण पडली. एवढा मोठा उद्योग त्या पत्रकांत कोठेंच आला नाहीं, कारण पत्रकांत विचारलें होतें, “आपला धंदा नोंदलेला आहे काय?” आणि त्यांनीं खरें उत्तर दिलें, “नाही.” पुढें कळलें कीं त्या संशोधनाच्या शेवटीं या भागांतील शेतकऱ्यांत जोखीम घेण्याची वृत्ति कमी आढळते, असा निष्कर्ष काढण्यांत आला. त्या मुलास दोष देण्याचें माझ्या मनांत नाहीं. त्याला कोणी शिकविलेंच नव्हतें.

काय शिकवावयास पाहिजे होतें? पहिली गोष्ट, जोखीम या शब्दाचा अर्थ. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट यानें 1921 सालच्या आपल्या ग्रंथांत जोखीम आणि अनिश्चितता यांत भेद केला. जी आपत्ति कितींतून किती वेळां येते हें मोजतां येतें ती जोखीम; तिचा विमा उतरतां येतो, तिची किंमत ठरवितां येते. जी मोजतांच येत नाहीं ती अनिश्चितता; आणि उद्योजकाचा नफा किंवा तोटा हा तीच अंगावर घेतल्याचा मोबदला होय, असें नाइटचें म्हणणें. पालमच्या कोरडवाहू शेतकऱ्याला हा भेद पुस्तकाशिवाय कळतो. पेरणीनंतर पावसाचा ताण किती वर्षांतून किती वेळां पडतो हें पर्जन्याच्या जुन्या नोंदींवरून काढतां येईल. पीकविमा अशाच आंकड्यांवर उभा असतो. परंतु पुढच्या फाल्गुनांत हळदीला काय भाव मिळेल, परदेशांतून डाळ येणार कीं नाहीं, तेलावरचा आयातकर घटणार कीं वाढणार, याचा आंकडा कोणत्याहि वहींत नाहीं. आमच्या शेजाऱ्यांनीं पावसाची जोखीम वीस-पंचवीस वर्षें सोसली होती. हळदींत त्यांनीं अनिश्चितता पत्करली. संशोधकानें या दोहोंना एकाच घरांत घातलें.

आपल्या प्रांतांत हें काम चांगलें करणारीं माणसें झालीं नाहींत असें नव्हे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मान हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. त्यांनीं पुण्याजवळचें पिंपळे सौदागर हें एकच गांव घेऊन त्याची जमीन, पिकें, कर्ज व मजुरी यांचा घरोघर तपास केला आणि 1917 सालीं तो प्रसिद्ध केला. पुढें 1921 सालीं ना. वि. कानिटकर यांच्यासह जातेगांव बुद्रुकचा. पिंपळे सौदागरांत 1771 च्या सुमारास सरासरी खातें 40 एकरांचें होतें, तें 1915 पर्यंत 7 एकरांवर आलें, हें त्यांनीं दाखविलें तेव्हां तुकडेबंदीच्या चर्चेला पाया मिळाला. त्याच पिंपळे सौदागरांत आज बहुमजली इमारती उभ्या आहेत आणि तुकड्यांचा भाव चौरस फुटानें होतो, हा काळाचा महिमा निराळा. मुद्दा असा कीं, मान यांनीं गांवाला ‘तुम्हांस काय वाटतें’ असें न विचारतां ‘तुमचें काय आलें, काय गेलें’ असें विचारलें.

दुसरें नांव डॉ. धनंजयराव गाडगीळ यांचें. 1930 सालीं पुण्यास गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली, तिचे ते पहिले संचालक. पुण्याच्या फळबाजाराची त्यांनीं केलेली पाहणी 1933 सालीं निघाली. वाई तालुक्यांतील शेतीच्या धंद्याची पाहणी 1937-38 सालची. फळ बागेंतून निघून गिऱ्हाइकाच्या हातीं पडेपर्यंत मध्यें कोणकोण येतो आणि प्रत्येकजण काय घेतो, हें शोधणें म्हणजे उद्योजकतेचेंच संशोधन होय. त्या वेळीं त्याला तें नांव नव्हतें इतकेंच. पुढें 1959 सालीं त्यांनीं हिंदुस्थानांतील आधुनिक व्यापारी वर्गाच्या उगमावर स्वतंत्र निबंध लिहिला. तोंवर ते स्वतः विठ्ठलराव विखे पाटील यांच्या बरोबरीनें प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणींत पडले होते. कारखान्याचे पहिले अध्यक्ष गाडगीळच होते, आणि 1950-51 च्या हंगामांत तेथें गाळप सुरू झालें. व्यापारी वर्गाचा अभ्यास करणारा पंडित शेतकऱ्यांच्या कारखान्याचा अध्यक्ष होतो, ही गोष्ट मला त्यांच्या सर्व ग्रंथांपेक्षां अधिक बोलकी वाटते. 1969 सालीं भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद निघाली तेव्हां तिचेहि पहिले अध्यक्ष तेच. दहा दिवसांच्या ज्या वर्गांचा उल्लेख मीं वर केला ते त्याच परिषदेचे.

गोखले संस्थेनें 1954 नंतर अहमदनगर व नाशिक या जिल्ह्यांत शेती-व्यवस्थापनाची जी पाहणी केली तींतील एक गोष्ट प्रत्येक विद्यार्थ्यानें मुळांतून वाचावी. तेथें दोन रीति जोडीनें वापरल्या. एकींत पाहणी करणारा अधूनमधून येऊन शेतकऱ्याच्या आठवणीवरून आंकडे घेई. दुसरींत तपासनीस गांवांतच राहून रोजचे कष्ट, बैल, खत, पैसा यांची नोंद करी. आठवणीनें सांगितलेला हिशेब आणि रोज लिहिलेला हिशेब यांत कोठें व किती अंतर पडतें हें पाहणें हा त्यामागील एक हेतु होता. घरच्या माणसांची मजुरी खर्चांत धरावयाची कीं नाहीं, स्वतःच्या जमिनीचा खंड धरावयाचा कीं नाहीं, हे प्रश्नहि त्याच पाहण्यांतून घासून पुसून निघाले. आजहि हमीभावाच्या वादांत तेच उभे असतात.

आतां गोदावरीच्या दुसऱ्या टोंकाची एक हकीकत सांगतों. आपल्या पालमवरून जी नदी जाते तिच्या मुखाजवळच्या प्रदेशांत आंध्र किनाऱ्यावर काकिनाडा हें शहर आहे. हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांचें मत असें होतें कीं, कांहींतरी चांगलें करून दाखविण्याची ओढ ही धंद्याची जननी होय, आणि ती ओढ शिकविल्यानें वाढवितां येते. तें पारखण्यासाठीं 1964 सालीं काकिनाड्याचे पन्नासाच्या वर धंदेवाले तुकड्यातुकड्यांनीं हैदराबादेस लघुउद्योगांच्या प्रशिक्षण-संस्थेंत नेण्यांत आले आणि दहा-दहा दिवस एकत्र ठेवण्यांत आले. तेथें त्यांस हिशेब किंवा कायदा शिकविला नाहीं. चित्रें दाखवून त्यांवर गोष्टी लिहावयास लावल्या. खुंटीवर कडीं फेंकण्याचा खेळ खेळविला. खुंटीपासून किती अंतरावर उभें राहावयाचें हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें. कोणी अगदीं जवळ उभा राही, कोणी फुशारकीनें फार लांब. पण ज्याला खरोखर साधावयाचें असे तो नेम लागेल न लागेल अशा मध्यम अंतरावर उभा राही. शेवटीं प्रत्येकानें पुढें आपण काय करणार तें लिहून द्यावयाचें.

दोन वर्षांनीं तपास केला तेव्हां शिकून आलेल्यांपैकीं सुमारें निम्मे लोक धंद्यांत नव्यानें हातपाय हालवीत असलेले आढळले. न शिकलेल्या तशाच धंदेवाल्यांत हें प्रमाण एक चतुर्थांशाच्या आसपास होतें. शिकलेल्यांनीं भांडवलहि अधिक गुंतविलें, माणसेंहि अधिक कामास लावलीं. जातपात किंवा जुन्या समजुती आड आल्या असें दिसलें नाहीं. मॅक्लेलंड व त्यांचे सहकारी विंटर यांनीं हें सर्व 1969 सालीं ग्रंथरूपानें मांडलें. गुजराथेंत 1970 नंतर उद्योजकांसाठीं जे वर्ग निघाले, 1983 सालीं अहमदाबादेस जी उद्योजकता विकास संस्था झाली, आणि 1988 सालीं औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरास, जें महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र निघालें, त्या सर्वांमागें या विचाराचा हात आहे.

मला या प्रयोगांत निष्कर्षापेक्षां रीत मोलाची वाटते. शिकविलेल्यांची तुलना न शिकविलेल्यांशीं केली, आणि दोन वर्षें थांबून पाहिलें. शेतकऱ्याला हें नवीन नाहीं. परभणीस 1918 सालीं निजामी अंमलांत मुख्य प्रयोगशेत निघालें, 1972 सालीं तेथें कृषि विद्यापीठ झालें आणि 2013 पासून तें वसंतराव नाईक यांच्या नांवानें ओळखलें जातें. तेथील ‘परभणी क्रांति’ ही भेंडी केवडा रोगाला दाद देत नसे. ती तशी निघावी म्हणून रानटी भेंडीशीं संकर करून, पिढ्यामागून पिढ्या निवड करून मग ती शेतकऱ्याच्या हातीं दिली. एका वाफ्यावरून कोणी वाणाची शिफारस करीत नाहीं. मग धंद्याची शिफारस एका भेटींत भरलेल्या पत्रकावरून कां व्हावी?

म्हणून माझें म्हणणें असें कीं, परभणीच्या विद्यापीठानें, किंवा ज्या कोणाला हें साधेल त्यानें, मराठवाड्यांतील पीएच. डी. च्या विद्यार्थ्यांसाठीं वैशाखांत तीन आठवड्यांची शाळा भरवावी आणि तिचा मधला आठवडा पालमसारख्या तालुक्याच्या खेड्यांत घालवावा. आज सारथी, बार्टी, महाज्योति या संस्थांच्या विद्यावेतनांमुळें शेतकऱ्यांचीं व शेतमजुरांचीं पुष्कळ मुलें या अभ्यासांत पडलीं आहेत. त्यांना खेडें नवीन नाहीं. पण ज्याला आपण जन्मापासून पाहिलें तें पुन्हां पाहावयास शिकवावें लागतें, आणि तें कठीण. पहिल्या आठवड्यांत ग्रंथ व गणित, शेवटच्यांत लेखन. त्याविषयीं मला सांगण्यासारखें थोडें आहे, तें प्राध्यापक पाहून घेतील. मधल्या आठवड्याविषयीं सांगतों.

विद्यार्थ्यांनीं दोघा-दोघांनीं एका गांवांत राहावें. सकाळीं नऊच्या आंत आणि दिवस कलल्यावर बोलावें. भर उन्हांत गांव झोपतें, त्यांनींहि झोपावें किंवा लिहावें. एकानें एकाच घराचा धंदा मुळापासून शेवटापर्यंत लिहून काढावा. घर म्हणजे घरधनी नव्हे. शेळ्या कोणी विकल्या, बचत गटाचें कर्ज कोणाच्या नांवावर निघालें आणि कोणत्या कामीं लागलें, दुधाचा पैसा कोणाच्या हातीं येतो, हें पुरुषाला विचारल्यास तो आपल्या समजुतीप्रमाणें सांगतो. बाईला वेगळें विचारावें, आणि विचारणारी मुलगी असावी.

एकानें ऊसतोडीच्या मुकादमाकडे जावें. हा मनुष्य पुस्तकांत कोठें बसतो याचा मला अजून उलगडा झालेला नाहीं. कारखान्याकडून तो लाखांची उचल आपल्या शब्दावर घेतो, ती कोयत्याकोयत्याला वांटतो, म्हणजे एकेका नवरा-बायकोच्या जोडीला. जोडी पळाली तर पैसा त्याच्या अंगावर, जोडी राबली तर टक्का त्याचा. त्याच्याजवळ कारखाना नाहीं, दुकान नाहीं, बहुधा लेखी करारहि धड नसतो. तो उद्योजक म्हणावा, कीं सावकाराचा हस्तक, कीं मजुरांतलाच एक पुढें गेलेला? ज्यांनीं उचल घेतली त्या जोड्यांनाहि तेंच विचारावें. दोन्हीकडचीं उत्तरें जुळणार नाहींत, आणि जेथें जुळत नाहींत तेथेंच प्रबंधाचा विषय आहे. हीं माणसें गांवांत भेटतात तीं फक्त उन्हाळ्यांत.

आणि एकानें, हें मला सर्वांत अगत्याचें वाटतें, बंद पडलेले धंदे मोजावेत. यशस्वी उद्योजकांच्या मुलाखती वर्तमानपत्रांत हव्या तितक्या येतात. परंतु जे तरले तेवढेच पाहून तरण्याचें कारण सांपडत नाहीं. जे बुडाले त्यांनींहि कदाचित् तेंच केलें असेल. विसाव्या शतकाच्या आरंभीं गोदावरी खोऱ्याची रेल्वे झाली तेव्हां परभणी, सेलू, मानवत येथें कापसाच्या पेठा वाढल्या, जिनें निघालीं. त्यांतलीं किती उरलीं, किती गेलीं? प्रत्येक गांवांत एखादें पडकें तेलाचें गाळप, गंजलेली डाळमिल, ओस कुक्कुटपालनाचें छप्पर असतें. 2002 सालच्या कायद्यानें शेतकऱ्यांना उत्पादक कंपन्या काढतां येऊं लागल्या. त्यांतल्याहि कांहींच्या दाराला आतां कुलूप आहे. कुलूप कशामुळें पडलें हें सांगावयास माणसें तयार असतात, पण त्यांना तें विचारीत कोणी नाहीं. आमच्या शेजारच्या हळदवाल्यांना मीं एकदां मुद्दाम विचारलें, “पुन्हा लावाल काय?” ते म्हणाले, “लावीन, पण कढई स्वतःची घेईन अन् माल घरी ठेवायला जागा करीन.” त्यांना भावाची अनिश्चितता टळेल असें वाटत नव्हतें, ती आली असतां माल थांबवून धरण्याची शक्ति त्यांना हवी होती. गोदामाच्या पावतीवर कर्ज मिळण्याची जी व्यवस्था आहे ती त्यांच्यापर्यंत कां पोंचली नाहीं, एवढ्या एका प्रश्नावर चांगला प्रबंध होऊं शकेल.

खर्चाचा बाऊ करण्याचें कारण नाहीं. शाळेच्या इमारती उन्हाळ्यांत रिकाम्या असतात. जेवण गांव करील. अडचण दुसरी आहे. गांवानें आपल्या वह्या दाखविल्या पाहिजेत, आणि शेतकरी हिशेबाची वही दाखवीत नाहीं, कारण आजवर वही मागणारा बहुधा वसुलीलाच आलेला असतो. तेव्हां नांवनिशी न छापण्याची हमी आधीं द्यावी लागेल, आणि जें लिहिलें तें छापण्यापूर्वीं गांवांत येऊन मराठींत वाचून दाखवावें लागेल. आमच्या गांवीं आलेल्या त्या विद्यार्थ्याचा प्रबंध आम्हीं अद्याप पाहिलेला नाहीं.

वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं वाडवडिलांच्या आडतीच्या पट्ट्या, सालाच्या चिठ्ठ्या, जिनाच्या किंवा घाण्याच्या जुन्या चोपड्या असतील त्यांनीं घरशाकारणीच्या वेळीं त्या रद्दींत न घालतां कोरड्या पेटींत ठेवाव्या. वैशाखांत कोणी विचारावयास आलाच तर त्याच्यापुढें ठेवावयास त्या लागतील.